दुहेरी पक्कं

१

धक्क्याला बांधलेली बोट जागच्या जागी बुडाली, हे ऐकून बाईंना वाईट वाटायच्या आधी राग आला. भर खाडीत वादळात सापडून बुडाली असती तर एक वेळ समजलं असतं. ही रात्रभर दोराला बांधून उभी होती, आणि सकाळी झाडूवाला धक्क्यावर आला तेव्हा पाण्यावर तिचं नुसतं छप्पर दिसत होतं. धक्क्याच्या लोखंडी शिडीला एक म्हातारा खलाशी दोन्ही हातांनी लटकला होता. तो बोटीतच झोपायचा. पाय ओले झाले म्हणून जागा झाला, पंप चालू करायला इंजिनाच्या खोलीत उतरला आणि तेलकट पाण्यात घसरून पडला. खुब्याचं हाड मोडलं. शिडीपर्यंत कसा पोचला ते त्याचं त्यालाच ठाऊक.

बाई चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. त्याआधी तंत्रशाळेत एकतीस वर्षं त्यांनी वायरिंग शिकवलं. गावात जो कुणी पोटापाण्यासाठी तारा जोडत होता, त्याने कधी ना कधी बाईंच्या शिव्या खाल्लेल्या होत्या. त्यामुळे काही जळलं, बंद पडलं, बुडालं की लोक पहिल्यांदा त्यांनाच फोन करत, आणि बाई दर वेळी ‘आता हे शेवटचं’ म्हणून गुडघा चोळत निघत.

दुपारी ओहोटी लागली आणि बोट चिखलावर टेकली. बंदर अधिकारी पँट दुमडून उभा होता.

“पंप ठीक आहे, बाई. बॅटरी ठीक होती. तारही कुठे तुटलेली नाही,” तो म्हणाला. “तरी पंप चालला नाही.”

“सगळं ठीक आहे, तर मग मला कशाला बोलावलंत?”

बाई वाकून आत शिरल्या. असल्या बोटीच्या तळाशी थोडंथोडं पाणी झिरपतच असतं, आणि ते उपसायला आपोआप चालू होणारा पंप असतो. बाईंनी पंपापासून जाडी लाल तार बोटांत धरली आणि तिच्या मागे मागे जात फ्यूजच्या डब्यापर्यंत पोचल्या. तिथे तारेच्या टोकाला तांब्याची टोपी होती. लग म्हणतात तिला. तारेवर चढवायची, पकडीने घट्ट दाबायची, की तार आणि टोपी एकजीव होतात. यालाच क्रिंपिंग म्हणतात. ही टोपी धडधाकट माणसाने लोंबकळलं तरी निघायला नको.

बाईंनी तार नुसती ओढली, आणि ती टोपीतून निघून हातात आली.

टोक काळं ठिक्कर पडलं होतं. बाईंनी नखाने खरवडलं. खालून तांब्याचा लालसर रंग दिसायला हवा होता. दिसला चांदीसारखा पांढरा.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “या टोपीत डाख आहे, वितळवून लावायचा सोल्डर. आणि तो तिथे असायचं काही म्हणजे काही कारण नाही.”

२

बोटीचं वायरिंग ज्यांनी केलं त्यांना बाई चांगल्या ओळखत होत्या. एक भाऊ, एक बहीण, दोघंही त्यांचे विद्यार्थी. वडिलांच्या मागे दोघं मिळून कारखाना चालवत होती. मिळून म्हणजे एका छपराखाली, एवढंच.

“याच कारखान्याने आणखी पाच बोटींचं काम केलंय,” अधिकारी म्हणाला. “तीन थोरल्याच्या सहीच्या, दोन धाकटीच्या. ही बुडालेली तेवढी दोघांच्या सहीची. कुणाच्या हातचं ते सांगा, त्याच्या बोटी थांबवतो.”

“सगळ्याच थांबवा.”

“पलीकडच्या काठाला दवाखाना नाही, शाळा नाही. सगळ्या थांबवल्या तर लोक माझ्या दारात येऊन बसतील. संध्याकाळपर्यंत नाव द्या.”

“तोवर निदान प्रत्येक बोटीवर बादली घेऊन एक माणूस तरी बसवा,” बाई म्हणाल्या आणि इंजिनवाल्याकडे वळल्या. तो मघापासून उगाच दोर गुंडाळत होता.

“तू या तारेला हात लावलास?”

“तारेला नाही, डब्याला,” तो खाली बघत म्हणाला. “दोन महिने झाले, पंप मधूनच रुसायचा. डब्यावर एक गुद्दा मारला की चालायचा.”

“आणि हे कुणाला सांगितलंस?”

“चालायचा ना पण.”

बाईंनी डोळे मिटून मनात दहापर्यंत आकडे मोजले. मग टोपी उलटसुलट करून पाहिली. इंजिनवाल्याने साध्या पक्कडीने दाबली असती तर तिच्यावर दातांचे ओरखडे दिसले असते. हिच्यावर नीट, रेखीव सहा कोनांचा ठसा होता. असा ठसा उमटवणारी पकड, बाईंची स्वतःची सोडली तर, गावात एकाच कारखान्यात होती.

कारखान्यात जमिनीवर मधोमध पिवळा पट्टा रंगवला होता. उजवीकडे थोरला, डावीकडे धाकटी. पट्ट्याच्या टोकाला खिडकीशी त्यांची आई चष्मा सावरत तारांची टोकं सोलत बसली होती. तिच्यासमोर सोललेल्या तारांच्या जुड्या, एक जुनी इस्त्री, म्हणजे डाख वितळवायची दांडी, आणि एक चेपलेला पत्र्याचा डबा. बाईंना पाहून ती हसली आणि लगेच पाणी आणायला उठली.

“पंपाची तार कुणी केली?” बाईंनी विचारलं.

“टोपी आहे म्हणजे हिचीच,” थोरला म्हणाला. “मी घसा कोरडा करून सांगतोय बाई, नुसतं दाबलेलं कधी ना कधी सुटणारच. डाख म्हणजे कसं, धातूने धातूला मारलेली मिठी.”

“मिठी मार तू,” धाकटी म्हणाली. “डाख तारेत वर चढतो, तिथे तार काडीसारखी कडक होते, आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच मोडते. बोटीवर क्रिंपिंगच लागतं. बाईंनीच शिकवलंय.”

“बाईंनी डाखही शिकवलाय.”

“रेडिओसाठी, दादा. बोटीसाठी नाही.”

“मी विचारलं काय आणि तुम्ही सांगताय काय,” बाई म्हणाल्या. “तार कुणी केली?”

“त्याने.”

“तिने.”

एकतीस वर्षांत बाईंनी हा वाद हजार वेळा ऐकला होता. लग्न ठरवताना लोक घालत नसतील इतका वाद दोन पोरं एका तारेच्या टोकावरून घालतात, आणि शेवटी तार बाजूलाच राहते. त्यांनी टोपी शिकंज्यात आवळली, करवतीने उभी चिरली आणि भिंग डोळ्याला लावलं.

डाख फक्त तारेच्या धाग्यांवर होता. टोपीच्या आतल्या भिंतीला त्याचा थेंबही चिकटलेला नव्हता. म्हणजे दाबल्यावर वरून ओतलेला नव्हे. आधी तारेच्या टोकाला भांड्यासारखी कल्हई केलेली, ती थंड झाल्यावर टोपी चढवलेली, मग पकडीने दाबलेली. कल्हईही अशी नितळ, की शेजारचं प्लास्टिक जराही भाजलेलं नाही. आणि प्लास्टिकच्या कडेला अडकलेला एक तपकिरी, काचेसारखा कण.

“बघा,” बाईंनी भिंग पुढे केलं.

थोरल्याने पाहिलं. मग धाकटीने पाहिलं. दुपारभरात पहिल्यांदाच दोघं एकदम गप्प झाली.

३

चारच्या सुमाराला बाईंच्या दारावर थाप पडली. थोरला होता. आत येऊन खुर्चीच्या काठावर बसला.

“मीच केलं, बाई,” तो म्हणाला. “डाख मीच दिला आणि मीच दाबलं. माझ्या तिन्ही बोटी थांबवा. हिच्या दोन चालू द्या.”

बाईंनी कपाटातून आपली पकड काढली, एक टोपी आणि तारेचा तुकडा त्याच्या हातात दिला. “दाब बघू.”

त्याने अर्धवट दाबून पकड उघडायला पाहिली. उघडेना. ओढली, झटकली, दुसऱ्या हाताने फाकवायला गेला. कपाळावर घाम आला.

“ही पकड पूर्ण दाबल्याशिवाय उघडत नाही,” बाई म्हणाल्या. “दाब अर्धवट राहू नये म्हणून तशीच बनवलेली असते. ज्याने आयुष्यात एकदा तरी टोपी दाबलीय त्याला हे माहीत असतं. तुला माहीत नाही.”

तेवढ्यात पुन्हा दार वाजलं. बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “आतल्या खोलीत जा. आणि खोकू नकोस.”

धाकटी उभ्याउभ्याच बोलली. “बाई, ते माझंच काम आहे. तारेला कल्हई मी केली. माझ्या दोन्ही बोटी थांबवा, दादाच्या चालू द्या.”

बाईंनी मुकाट्याने डाखाची दांडी तापवली आणि तिच्या हातात दिली. तारेच्या टोकावर ढेकळासारखा गोळा जमला, प्लास्टिक वितळलं, खोलीभर जळका वास पसरला.

“परीक्षेतही तू हेच केलं होतंस,” बाई म्हणाल्या. “बाहेर ये रे.”

थोरला बाहेर आला. बहीणभावाने एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही माना खाली घातल्या.

“जन्मात पहिल्यांदा तुमचं एकमत झालं,” बाई म्हणाल्या, “आणि तेही खोटं बोलण्यावर. माझा वेळ म्हणजे काय वाटेवर पडलाय? दुपारी दोघं एकमेकांवर ढकलत होतात. भिंगातून पाहिलंत, आणि दोन तासांत दोघं आपापल्या अंगावर घ्यायला धावत आलात. म्हणजे भिंगात तुम्हाला तिसऱ्याचा हात दिसला. ज्या माणसासाठी तुम्ही दोघंही खोटं बोलाल असं माणूस या गावात एकच आहे.”

बाईंनी कारखान्यातून पुडीत आणलेला तो तपकिरी कण काढला आणि दांडीच्या टोकावर ठेवला. धुराची एक रेघ उठली. झाडाच्या चिकासारखा उग्र वास आला.

“राळ,” बाई म्हणाल्या. “डाख नीट धरावा म्हणून लावायची. तुझ्या डाखाच्या तारेत ती आतच भरून येते, थोरल्या, तू वेगळी कधी घेत नाहीस. डब्यातल्या राळेत दांडी बुडवून काम करायची जुन्या लोकांची सवय. खिडकीशी चेपलेला पत्र्याचा डबा मीही पाहिला. तुम्ही तर जन्मापासून बघताय.”

“तिला यात ओढू नका, बाई,” थोरला म्हणाला. “आमच्यावर काय यायचं ते येऊ द्या.”

“तुझ्यावर काय येईल ते मरू दे. तिने अशी किती टोकं केली, कुठल्या बोटीत गेली, तुला माहीत आहे?”

त्याने धाकटीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

“मी आईकडून तयार जुड्या उचलते,” ती हळूच म्हणाली. “आपल्याच हातच्या म्हणून. फ्यूजच्या डब्यात टोपीच बसते, म्हणून दादाही माझ्या समजून उचलतो. मोजतं कोण.”

“मग चला,” बाई म्हणाल्या, आणि गुडघ्याचं दुखणं विसरून चपला पायात सरकवल्या.

४

आईने काही नाकारलं नाही. हातातली तार खाली ठेवली, चष्मा काढला.

“हो, मीच,” ती म्हणाली. “रोजची भांडणं. हा म्हणतो दाबलेलं सुटेल, ही म्हणते डाख तुटेल. दोघंही तुमच्याकडे शिकलेली, मी कुणाला खोटं ठरवू? पण त्या बोटींत माणसं बसतात. म्हटलं, दोघांतलं एक जरी चुकत असेल तरी दुसऱ्याचं बरोबर आत असू दे. ही जेवायला गेली की तिची पकड घ्यायचे. आधी कल्हई, मग टोपी. दुहेरी पक्कं.”

“काकू,” बाईंनी आवाज जमेल तेवढा खाली आणला, “दोन्हींतलं कुठलंही एक नीट केलं असतंत तरी ती तार काल रात्री चालली असती. डाख मऊ असतो. पकडीच्या दाबाखाली तो हळूहळू सरकतो, चपटा होतो. मग टोपीची पकड ढिली पडते. ढिली जागा तापते, काळी पडते, आणि एक दिवस वीज पुढे जातच नाही. कल्हई केलेल्या तारेवर टोपी कधी दाबायची नसते.”

आईने बाईंकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, गोंधळ होता.

“पण तुम्हीच तर म्हणाला होतात,” ती म्हणाली.

“मी?”

“डोळ्यांच्या दवाखान्यात. दोन वर्षं झाली. बाकावर तुमच्या शेजारी बसले होते. म्हटलं बाई, तुम्हीच सांगा, डाख की दाबलेलं? पोरं माझं डोकं खातात. तुम्ही पेपर वाचत होतात. म्हणालात, ‘दोघांचं थोडं थोडं घ्या काकू, आणि मला सोडा.’”

बाईंना ते वाक्य आठवेना. बाक आठवला, डोळ्यांत घातलेल्या औषधाने धूसर झालेला पेपर आठवला, आणि शेजारून कुणीतरी पुन्हा तोच एक प्रश्न विचारत होतं म्हणून आलेला वैताग आठवला. वाक्य आठवलं नाही, पण आवाज आपलाच होता याची खात्री पटायला ते आठवायची गरज नव्हती.

“बाई चेष्टेत म्हणाल्या असतील, आई,” धाकटी म्हणाली.

“मला कसं कळणार?” आई म्हणाली. “बाईंचं बोलणं कधी कुणी चेष्टेवारी नेलंय?”

बाईंनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसल्या. “कुठल्या बोटी, काकू? आठवतंय?”

“न आठवायला काय झालं?” आईने कागदावर पाच बोटी लिहिल्या आणि त्यांतल्या तिनांखाली रेघ मारली. दोन थोरल्याच्या, एक धाकटीची. “जाड लाल तारा तेवढ्या. पंपाच्या.”

थोरल्याच्या कबुलीवर विश्वास ठेवला असता तर धाकटीची बोट चालत राहिली असती. धाकटीच्या कबुलीवर ठेवला असता तर थोरल्याच्या दोन. बाईंनी अधिकाऱ्याला फोन लावला.

“मिळालं का नाव?” त्याने विचारलं.

“नाव मागून घ्या. आधी या तीन बोटी परत बोलवा.”

“एक आत्ताच सुटलीय, चाळीस माणसं आहेत. संध्याकाळची—”

“साहेब, मला आज एकाही माणसाने विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलेलं नाही. निदान तुम्ही तरी द्या. बोलावताय की नाही?”

त्याने बोलावली.

धक्क्यावर लोक कुरकुरत उतरले. कुणाचं औषध राहिलं होतं, कुणाची पोरं घरी एकटी होती, आणि प्रत्येकजण ते बाईंना ऐकवून पुढे जात होता. पहिल्या बोटीतली टोपी ओढून निघाली नाही, तरी धाकटीने ती कापून टाकली. दुसरीतली गरम होती, हलत होती. तिसरीत, त्याच चाळीस माणसांच्या बोटीत, थोरल्याने नुसता हात लावला आणि तार त्याच्या मुठीत आली. फळी उचलली. खाली पोटरीभर पाणी होतं. बादलीवाला माणूस वरती सावलीत बादली पालथी घालून तिच्यावर बसला होता.

“पंप चालतोय असं वाटलं,” तो म्हणाला.

बाईंनी त्याला उठवलं आणि बादली सरळ करून त्याच्या हातात दिली.

आई धक्क्यावर बसून नव्या तारा सोलून देत होती. धाकटी त्या कोऱ्या तारांवर टोप्या दाबत होती, थोरला एकेक ओढून बघत होता. चौथी की पाचवी ओढताना तो पुटपुटला, “तरी डाखाची मिठी ती मिठीच.” धाकटीने उत्तर दिलं. दोघांची पुन्हा जुंपली. आईने मान वर केली नाही.

“लिहून देते,” बाई अधिकाऱ्याला म्हणाल्या. त्याने फॉर्म पुढे केला. त्यांनी कल्हई, टोपी, ढिलं पडणं, सगळं मोजक्या शब्दांत लिहिलं. इंजिनवाल्याचा गुद्दा लिहिला. आईचं नाव लिहिलं, आणि त्याखाली डोळ्यांच्या दवाखान्यातली हकिगत आपल्या नावानिशी लिहिली.

अधिकाऱ्याने वाचलं. “हे कशाला, बाई? याचा चौकशीशी काय संबंध? मी हे खोडतो.”

“खोडलंत तर खालची सही माझी नाही.”

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई इस्पितळात गेल्या. म्हाताऱ्या खलाशाच्या पायाला वजन बांधलं होतं. बाईंनी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, आपला भागही वगळला नाही. तो छताकडे बघत ऐकत होता.

“म्हणजे त्या बाईने तुमचं ऐकलं,” शेवटी तो म्हणाला.

“हो.”

“आणि तुम्ही तिचं ऐकलं नाही.”

“नाही.”

त्याने माफ केलं असंही म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मग म्हणाला, “तुम्ही शिकलेल्या आहात. एक डॉक्टर म्हणतो कापून पट्टी बसवू. दुसरा म्हणतो या वयात नको, पडून राहा, जुळेल. मी कुणाचं ऐकू?”

बाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. कोपऱ्यातलं स्टूल खाटेजवळ ओढून घेतलं, गुडघा धरून सावकाश बसल्या.

“आधी पहिला काय म्हणाला ते सांगा,” त्या म्हणाल्या. “सगळं सांगा. मला आज घाई नाही.”